वाळूत आरसी गाडी पुन्हा पुन्हा तापून बंद पडते: दोष कुठं शोधायचा, काय बदलायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. मैदानावर किंवा डांबरावर रिमोटवर चालणारी (आरसी) गाडी बॅटरी संपेपर्यंत बिनतक्रार धावते. वाळूच्या टेकड्यांवर नेली की चार-पाच मिनिटांत जोर जातो, मोटर झटके देते, ईएससीचा (मोटरला वीज देणाऱ्या वेगनियंत्रकाचा) दिवा लुकलुकतो आणि गाडी उभी. दहा मिनिटं सावलीत ठेवली की परत सुरू होते आणि परत तीच गत, फक्त आता आणखी लवकर. मग मोटरवर पंखा बसतो, नंतर दुसरा पंखा, त्यानंतर मोठी ईएससी. रड तशीच राहते, कारण उष्णता बाहेर काढायची सोय वाढली तरी ती तयार होण्याचं कारण जागच्या जागी आहे. वाळूत उष्णता मुळातच कमी तयार व्हावी लागते, आणि तो प्रश्न बहुतेक वेळा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर) आणि टायर यांच्या जोडीत सुटतो.

खालचे आकडे १:१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या), २एस किंवा ३एस लायपोवर (दोन किंवा तीन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर) चालणाऱ्या ब्रशलेस मोटरच्या गाडीचे आहेत. १:८ गाडीला नियम तेच, भाग मोठे.

आधी ठरवा, बंद काय पडलं

"तापून बंद पडली" असं म्हटलं जातं तेव्हा ती खरंच तापून बंद पडली असेल असं नाही. चार वेगळे बिघाड बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात.

ईएससी किंवा मोटर तापून बंद पडली असेल तर स्टिअरिंग चालू राहतं, फक्त थ्रॉटल (रिमोटवरून दिला जाणारा वेग) मरतो, आणि थंड होईपर्यंत काही केल्या परत येत नाही. दिव्याच्या लुकलुकण्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, तो माहितीपुस्तिकेत बघायचा. अंदाज करायचा नाही.

बॅटरीचा व्होल्टेज खाली बसून कटऑफ (बॅटरी वाचवायला ईएससी जिथं वीज तोडते ती मर्यादा) लागला असेल तर चढावर, पूर्ण थ्रॉटलला गाडी सुटते आणि सपाटीवर लगेच पुन्हा हलते. थंड होण्याची वाट बघावी लागत नाही, हीच खूण. इथं दोष बॅटरीच्या अंतर्गत रोधाचा किंवा कनेक्टरचा. हिशेब सोपा आहे: चांगल्या सेलचा रोध ४ मिलिओहम धरला तर ८० अँपला त्या सेलचा व्होल्टेज साधारण ०.३ ने खाली येतो. म्हाताऱ्या सेलचा रोध १५ मिलिओहम असेल तर तोच करंट १.२ व्होल्ट खाऊन टाकतो, म्हणजे ३.८ व्होल्टचा सेल थेट २.६ वर. कटऑफ ३.२ ला लावलेला असेल तर बॅटरी अर्धी भरलेली असतानाच गाडी थांबणार. डांबरावर हीच बॅटरी ठणठणीत वाटते, कारण तिथं ८० अँप फक्त क्षणभर लागतात. वाळूत ते सलग मागितले जातात. रोध दाखवणारा चार्जर असेल तर प्रत्येक सेल मोजा. एक सेल बाकीच्यांच्या दुप्पट दाखवत असेल तर तो पॅक वाळूसाठी बाद.

तिसरा प्रकार रिसीव्हर (रिमोटचा संकेत घेणारा भाग) रिसेट होण्याचा. गाडी एक-दोन सेकंद पूर्ण मेल्यासारखी होते, स्टिअरिंगसुद्धा जातं, आणि मग आपोआप जिवंत होते. रुतलेली पुढची चाकं वळवताना सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर) अडकतो, बीईसीचा (रिसीव्हर-सर्व्होला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) करंट ओढून घेतो आणि रिसीव्हरचा व्होल्टेज कोसळतो. ३ अँपच्या बीईसीवर २० किलो जोराचा सर्व्हो लावलेला असेल तर हे हमखास होतं. तात्पुरता इलाज म्हणजे रिसीव्हरच्या मोकळ्या खाचेत ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कायमचा इलाज वेगळा बीईसी.

चौथ्यात मोटर जोरात ओरडते, पण चाकं फिरत नाहीत किंवा रडत फिरतात, आणि जळका वास येतो. स्लिपर क्लच (जास्त भार आला की घसरून गिअर वाचवणारा भाग) सैल आहे. मागची दोन्ही चाकं घट्ट धरून स्पर गिअर (पिनियन ज्याला फिरवतं तो मोठा गिअर) अंगठ्यानं ढकला: चांगला जोर लावल्यावरच तो सरकला पाहिजे. सहज सरकत असेल तर नट पाव फेऱ्याने आवळा आणि परत बघा. बराच वेळ घसरलेल्या क्लचनं प्लास्टिकचा स्पर मधोमध वितळवलेला असतो. मग नट आवळून उपयोग नाही, स्पर आणि क्लच दोन्ही बदला.

तापमान असं मोजा

इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पण मोटरच्या चकचकीत डब्यावर सरळ रोखू नका. चकचकीत धातू उष्णता कमी उत्सर्जित करतो, त्यामुळे आकडा खोटा आणि कमी दिसतो. डब्यावर नखाएवढा काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा आणि दर वेळी त्यावरच मोजा. ईएससीच्या चकाकत्या हीटसिंकवरही तसाच तुकडा हवा.

नवीन पिनियन किंवा टायर लावल्यावर पहिली फेरी दोन मिनिटांची. थांबा, मोजा, एक मिनिट थांबून परत मोजा. दुसरा आकडा बहुधा वर गेलेला असतो, कारण आतल्या वाइंडिंगची (तारेच्या वेटोळ्यांची) उष्णता डब्यापर्यंत यायला वेळ लागतो. मोटरचा डबा ७० अंशांच्या आत असेल तर बिनधास्त पुढं चालवा. ८० ओलांडलं की त्या दिवशी गिअरिंग बदलल्याशिवाय गाडी परत वाळूत घालू नका. बॅटरी ५० अंशांवर गेली की काढा; ६० ही तिची शेवटची हद्द. उन्हात तापलेल्या वाळूचा पृष्ठभागच ६० च्या पुढे जाऊ शकतो, म्हणून मधल्या वेळेत गाडी वाळूवर टेकवून ठेवू नका, ठोकळ्यावर ठेवा.

८० चा आग्रह उगाच नाही. साध्या श्रेणीच्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा तेवढीच धरतात. मोटरमध्ये वरच्या श्रेणीचे चुंबक असतात हे खरं, पण डबा ८० दाखवतो तेव्हा आतला रोटर (चुंबक असलेला फिरणारा भाग) त्याहून बराच गरम असतो. आणि इथंच "पुन्हा पुन्हा" या तक्रारीचं एक दडलेलं कारण आहे: एकदा अति तापलेल्या रोटरचं चुंबकत्व थोडं कायमचं जातं. अशी मोटर बिनभाराची आधीपेक्षा जास्त वेगानं फिरते, पण तेवढाच जोर काढायला जास्त करंट घेते, म्हणून आणखी तापते. सगळं नीट करूनही एखादी मोटर ऐकत नसेल तर तिचा बिनभार करंट तशाच नव्या मोटरशी ताडून बघा. बराच जास्त निघाला तर तिच्यावर आणखी वेळ आणि पैसा घालू नका.

गिअरिंग: सगळं इथंच अडतं

वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० अँपचे ८० झाले की उष्णता दुप्पट नाही, चौपट. वाळू चाकाला सतत मागं ओढते, मोटर अपेक्षित वेगापर्यंत पोचतच नाही, आणि हळू फिरणारी मोटर उलटा व्होल्टेज कमी तयार करते, म्हणून करंट चढलेलाच राहतो. पिनियन लहान केलं की मोटर जास्त फेरे घेऊन तेच काम करते आणि करंट उतरतो. कमाल वेग कमी होतो, पण तो वाळूत मिळतच नसतो.

वरून टायर मोठे लावलेले असतात, हे हिशेबात धरलं जात नाही. समजा मूळ टायर ११० मिमी व्यासाचा, स्पर ५४ दातांचा, पिनियन १८ चं. वाळूसाठी १२५ मिमीचे पॅडल टायर (वल्ह्यासारखी पाती असलेले) लावले. व्यास जवळजवळ १४ टक्के वाढला, म्हणजे काहीही न करता गिअरिंग १४ टक्के लांब झालं: मोटरच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढं जाते. डांबरावरची जुनी स्थिती परत मिळवायलाच पिनियन १६ चं हवं. लक्षात घ्या, १६ लावून वाळूसाठी अजून काहीच केलेलं नाही, फक्त टायरची भरपाई झाली. वाळूसाठी त्यातून आणखी दोन-तीन दात कमी करा: १४ पासून सुरुवात, मऊ कोरड्या वाळूत १३. पाकिटावर छापलेलं "शिफारस केलेलं पिनियन" हे कंपनीच्या टायरसाठी आणि कठीण जमिनीसाठी असतं.

लहान पिनियन लावताना दोन अडचणी येतात. मोटरच्या माउंटची खाच संपते आणि पिनियन स्परपर्यंत पोचत नाही. अशा वेळी स्पर दोन-चार दातांनी मोठा घ्या. दुसरी अडचण पिचची, म्हणजे दातांच्या मापाची. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल इतके जवळ आहेत की हातात घेतल्यावर जुळल्यासारखेच वाटतात, पण ते एक नाहीत. वाळूच्या भारात दात लवकर खातात. ४८ पिच वाळूत नकोच, बारीक दातांत एक कण अडकला तरी दात उडतो.

दातांमधली फट कागदानं लावा. वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि स्पर यांच्यात घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर नागमोडी घड्या उमटल्या पाहिजेत, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर घट्ट आहे. स्पर पूर्ण फेरा फिरवून तीन-चार ठिकाणी तपासा, कारण प्लास्टिकचे स्पर पूर्ण गोल क्वचितच असतात. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवर बसवून निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. पिनियन कडक पोलादाचंच हवं. ॲल्युमिनियमचं पिनियन प्लास्टिकच्या स्परमध्ये रुतून बसलेली वाळू बघता बघता खाऊन टाकते.

टायर

पॅडल टायर वाळूत गाडीला उचलून धरतात, पण मोटरवर सगळ्यात जास्त भारही तेच टाकतात. फक्त मागच्या दोन चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीला मागं पॅडल आणि पुढं मधोमध उभी धार असलेले टायर ही जोडी उत्तम. धार वाळू कापते म्हणून स्टिअरिंग लागतं. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीला चारही पॅडल लावायचे तर वरच्या हिशेबातून आणखी एक दात कमी धरा. पुढचे-मागचे व्यास वेगळे ठेवू नका. वाळूत हा फरक घसरण्यात खपून जातो, पण कठीण जमिनीवर येताच ड्राइव्हलाइन स्वतःशीच भांडायला लागते.

रिमला हवेची भोकं असतात. वाळूत त्यातून बारीक कण आत जातात, फोममध्ये साचतात, आणि चाक जड व असंतुलित होतं. गाडी वेगात थरथरत असेल तर एक चाक काढून कानाशी हलवून बघा, आत सळसळ ऐकू येते. नवीन टायर चिकटवण्यापूर्वी रिमची भोकं आतल्या बाजूनं मजबूत कापडी चिकटपट्टीनं बंद करा. चिकटवताना रिम आणि टायरची कड अल्कोहोलनं पुसा, नाहीतर साच्यातला तेलकट थर राहतो आणि पूर्ण थ्रॉटलला टायर रिम सोडतो. पॅडल टायर घालून डांबरावर फिरू नका. पाती मुळातून फाटतात.

ओली, घट्ट बसलेली वाळू ही वेगळीच गोष्ट. तिच्यावर पॅडल उड्या मारतात आणि गाडीचे सांधे खिळखिळे होतात. तिथं मूळचे टायर चांगले.

वाळू आत शिरते आणि घर्षण वाढवते

सुरुवातीला बरी असलेली गाडी दोन-तीन वेळा वाळूत जाऊन आल्यावर तापायला लागली असेल, तर गिअरिंगपेक्षा संशय बेअरिंगवर घ्या. मोटर सैल करून पिनियन बाजूला घ्या आणि एकेक चाक हातानं फिरवा. बोटांना खरखर जाणवली की ते बेअरिंग गेलं. वाळूचे कण बहुतेक क्वार्ट्झचे, मोह्‌ज मापनीवर ७ कठीण. साध्या पोलादाला ते ओरखडतात.

"झेडझेड" खुणेच्या बेअरिंगला पत्र्याची झाकणं असतात आणि कडेला केसाएवढी फट राहते. वाळूसाठी "आरएस" खुणेची, रबरी सील असलेली घ्या. माप जुन्या बेअरिंगवरून मोजून घ्या; १:१० गाड्यांत ५×११×४ आणि १०×१५×४ मिमी ही मापं नेहमी सापडतात.

उघड्या सांध्यांना तेल लावायची सवय इथं सोडा. डॉगबोनचे (चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे) कप, सस्पेन्शनच्या पिना, स्टिअरिंगचे सांधे यांवर तेल पडलं की वाळू तिथंच चिकटते आणि तेल-वाळूचं मिश्रण पॉलिश पेपरचं काम करतं. कोरडे ठेवा, किंवा टेफ्लॉनचा सुकणारा स्प्रे मारा. शॉकच्या दांड्यांना सिलिकॉनची पिशवी बसवा, नाहीतर ओ-रिंग कापल्या जाऊन तेल गळतं.

स्परच्या झाकणाची कड, आणि जिथून वायर किंवा शाफ्ट बाहेर येतो ती जागा, पातळ फोमनं बंद करा. रिसीव्हरच्या डब्यात वायर शिरतात तिथं सिलिकॉन ग्रीस भरा.

मोटरचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून वाळूवरून फिरवा. पिशवीला काळ्या कणांची लव धरली तर त्या वाळूत मॅग्नेटाइट आहे. हे कण उघड्या खिडक्यांच्या मोटरमध्ये शिरून थेट रोटरला चिकटतात, हवेच्या झोतानं निघत नाहीत, आणि रोटर व वाइंडिंग यांच्यातली बारीक फट भरून टाकतात. अशा वाळूत बंद डब्याचीच मोटर लावा. आत गेलेले कण काढायला मोटर उघडून रोटर चिकट पुट्टीनं टिपावा लागतो, दुसरा मार्ग नाही.

पंखा आता

गिअरिंग उतरवल्यावर पंख्याला अर्थ आहे. ३० मिमीचा, बॉल बेअरिंगचा घ्या. साध्या बुशचा पंखा वाळूत लवकर अडकतो. बॉडीला हवा आत यायची जागा उंचावर, पुढच्या काचेत द्या आणि तिथं नायलॉनची बारीक जाळी लावा. खाली भोक पाडलं तर पुढची चाकं वाळूचा फवारा सरळ आत टाकतात. बाहेर जाणारी वाट मागच्या काचेत, आत येणाऱ्या वाटेपेक्षा मोठी हवी. चेसिसवर पूर्ण कापडी आच्छादन घातलं की वाळू थांबते, पण हवाही थांबते. मोटर आणि हीटसिंक यांच्यावरचा भाग कापून मोकळा ठेवा. गाडी थांबवल्यावर लगेच ईएससी बंद करू नका, पंखा दोन-तीन मिनिटं चालू द्या.

सेटिंग आणि चालवण्याची पद्धत

ईएससीमध्ये टायमिंग (मोटरच्या वाइंडिंगला वीज किती आधी द्यायची ते) सगळ्यात खालच्या पायरीवर आणा. पंच (सुरुवातीचा झटका किती जोरात ते) खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) शून्य, नाहीतर थ्रॉटल सोडताच गाडी नाक खुपसते. कटऑफ मात्र ३.२ च्या खाली नेऊ नका. कटऑफ त्रास देतो म्हणून तो बंद करणं म्हणजे बॅटरी मारणं.

सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शिअल) असलेल्या गाडीत पुढची चाकं हलकी होताच सगळी ताकद तिकडं पळते, टायर फुग्यासारखे फुलतात आणि मागची चाकं थंड पडतात. सेंटरमध्ये १ लाख सीएसटीच्या (तेलाच्या घट्टपणाचं माप) पुढचं तेल घाला, गरज पडली तर ५ लाखांपर्यंत. मागच्या डिफला १० ते २० हजार, पुढच्याला त्याहून घट्ट.

गाडी नाक खुपसत असेल तर बॅटरी मागं सरकवा. चढावर मागं उलटत असेल तर पुढं. चेसिसच्या बुडाला स्क्रूची डोकी बाहेर आलेली असतील तर ती खोल बसवा किंवा गुळगुळीत प्लेट लावा, कारण उतारावर तीच नांगरासारखी धरतात.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू घट्ट असते, चढायची तिकडून. आडोशाची बाजू सैल आणि कोरड्या वाळूत ३० ते ३४ अंशांची, तिच्यावरून फक्त उतरा. सगळ्यात वाईट उष्णता अर्ध्या थ्रॉटलवर, रुतलेल्या चाकांनी तयार होते: मोटर जवळजवळ उभी, करंट भरपूर, हवा नाही. गाडी अडली की थ्रॉटल सोडा, आल्या वाटेनं सावकाश रिव्हर्स घ्या. एकदा प्रयत्न करून निघाली नाही तर चालत जाऊन उचला. थांबायचं झालं तर उतारावर, नाक खाली ठेवून, म्हणजे सुरुवातीचा जोर कमी लागतो.

परतल्यावर मऊ ब्रशनं कोरडी वाळू झाडा, मगच हवा मारा. शॉक दाबण्याआधी दांड्या पुसा. समुद्रकिनाऱ्याची वाळू असेल तर मीठ काढावंच लागतं: बॅटरी काढून, ईएससी आणि मोटर झाकून गोड्या पाण्यानं हलकं धुवा, हवेनं वाळवा, बेअरिंगमध्ये हलक्या तेलाचा एक थेंब सोडा आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. हे त्याच दिवशी करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बेअरिंग गंजायला लागतात.

इतकं सगळं करून, १३ च्या पिनियनवरही डबा ८० ओलांडत असेल, तर ती मोटर गाडीच्या वजनाला लहान आहे. त्याच जाडीची पण लांब, कमी केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, ते माप) चार ध्रुवांची मोटर घ्या: ३५०० केव्हीच्या ५४० मापाऐवजी ३एसवर ३६६० किंवा ३६७४ मापाची (३६ मिमी जाड, ६० किंवा ७४ मिमी लांब), २२०० ते २६०० केव्हीची. घेण्याआधी तीन गोष्टी मोजा. ७४ मिमी लांबीची मोटर चेसिसमध्ये बसते का, ईएससीला तिचा करंट झेपतो का, आणि शाफ्ट किती जाड आहे. ३६६० ला ३.१७ किंवा ५ मिमीचा असतो, ३६७४ ला सहसा ५ मिमीचा. ५ मिमीच्या शाफ्टवर तुमच्याकडची ३.१७ मिमीची जुनी पिनियन बाद होतात. कमी केव्हीमुळे मोटरचा वेगच उतरलेला असतो, म्हणून नव्या मोटरवर १३ च्या पिनियनलाच चिकटून राहायची गरज नाही. १५ पासून सुरुवात करा, दोन मिनिटं चालवा आणि काळ्या पट्टीवर मोजा.